बडनेऱ्याच्या पुलावर तिसरा गिअर

गाडी पहिल्यांदा अडखळली ती बडनेऱ्याच्या उड्डाणपुलावर. पुढे गिट्टीने भरलेला टिप्पर होता आणि त्याला मागे टाकायचं म्हणून मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी झटके खायला लागली. उचकी लागलेलं माणूस बोलायला जातं आणि बोलता येत नाही, तसं. मग मागून 'फट्' असा आवाज आला. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने टायर फुटला की काय म्हणून स्वतःच्याच चाकाकडे पाहिलं.

"क्लच सोड," बाबा म्हणाले.

क्लचवर माझा पाय नव्हताच. मी "हो" म्हटलं.

बाबा माझ्या डावीकडे बसले होते. डावा हात मांडीवर, उजव्या हाताने वरचा दांडा धरलेला. हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. बोलणं बरंचसं परत आलं, चेहरा सरळ झाला, हातात थोडी धरण्यापुरती ताकद आली. पाय मात्र आला नाही. तो काठीच्या आधाराने फरफटत चालायचा. बाबा अमरावतीच्या कोर्टात वकील. आयुष्यभर उभं राहून बोलण्याचं काम केलेला माणूस.

दर शनिवारी आम्ही अकोल्याला जायचो. काका तिथे राहतात, आणि त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर बाबांकडून व्यायाम करून घ्यायचे. रेल्वेच्या पायऱ्या बाबांना चढता येत नव्हत्या, म्हणून गाडी. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर बाबांची उशी. चालवायला मी, कारण दुसरं कोणी नव्हतं. पुण्याच्या कंपनीचं काम मी घरून करत होते. गाडी चालवायला मला बाबांनीच शिकवलं होतं, ते आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात.

गाडी बाबांची फार लाडकी. टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा एक लहानसा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीला जोर येतो. बाबा म्हणायचे, "पाठीत कोणीतरी हात लावून ढकलते असं वाटते." शोरूममधल्या माणसाने ऑटोमॅटिक दाखवली तेव्हा बाबांनी त्याला विचारलं होतं, "मग मी तिथे बसून काय करू? पेपर वाचू?" आणि गिअरचीच घेतली.

त्या शनिवारी पुलावरून उतरल्यावर गाडी नीट चालली. मूर्तिजापूरच्या पुढे पुन्हा दोनदा फट् झालं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, क्लच सोड.

काकांच्या घरी जेवणं झाल्यावर आईने ते सांगितलं. सांगायला नको होतं. काका बडीशेप चघळत होते, ते थांबले.

"भाऊ, काहून जीव टांगणीले लावता? पोरगी एकटी चालवते, तुमचं असं, वहिनी मागं. उद्या रस्त्यात बंद पडली म्हणजे?"

"बंद पडत नाही ती," बाबा म्हणाले.

"मग फटाके काहून फोडते? लग्न हाय का तिचं?" काका हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. लग्न हा शब्द आमच्या घरात माझ्यासमोर जपून वापरतात. "मी काय म्हणतो, हे काढून टाकू. ऑटोमॅटिक घ्या. डाव्या पायाचं कामच नाही त्यात. तुमी स्वतः चालवसान. अकोटले माझ्या ओळखीचा एक कापसाचा जिनिंगवाला हाय, त्याले पाहिजेच हाय अशी गाडी."

बाबांनी पाण्याचा पेला उजव्या हाताने खाली ठेवला.

"माझ्या डाव्या पायाला काम आहे," ते म्हणाले. "तो येतो आहे. डॉक्टरांना विचार."

काकांनी डॉक्टरांना विचारलेलं होतं. मलाही माहीत होतं, आईलाही. डॉक्टर म्हणाले होते, जेवढं यायचं तेवढं आलंय, आहे ते टिकवू. बाबांसमोर ते हेच वाक्य जरा वेगळ्या सुरात म्हणायचे. बाबा त्यातलं "टिकवू" ऐकायचे नाहीत, "आलंय" ऐकायचे.

"गाडीत काही नाही," बाबा म्हणाले. "हिचा हात बसला नाही अजून."

मला राग यायला हवा होता. पण मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते माझ्याकडे पाहत नव्हते, दारातून दिसणाऱ्या गाडीकडे पाहत होते. दोष गाडीचा निघाला तर गाडी जाणार होती. दोष माझा असला तर ती राहणार होती. मी म्हटलं, "हो काका, माझंच चुकतंय."

तरी गाडी दाखवणं भाग होतं. अमरावतीला बाबांचे नेहमीचे गॅरेजवाले आहेत. मोठं शरीर, मोठा आवाज, आणि प्रत्येक गाडीबद्दल गाडी थांबायच्या आत मत तयार. मी आणि बाबा गेलो. ते बाबांच्या खिडकीशी येऊन उभे राहिले आणि सगळं बाबांनाच विचारलं, मी स्टिअरिंगवर बसलेली असून.

"काय होऊन राहिलं, वकीलसाहेब?"

"काही नाही. जरा झटके देते. पाहून घे."

"पेट्रोलात कचरा असन. आजकाल भेसळ गंज वाढली." आमच्याकडे गंज म्हणजे खूप.

ते गाडी घेऊन गल्लीतून एक चक्कर मारून आले. "लोण्यासारखी चालते साहेब!" पेट्रोल काढून नवीन टाकलं, हवेचा फिल्टर झटकला, बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली आणि त्याला 'रिसेट' म्हणाले. पुढच्या शनिवारी पुलावर पुन्हा फट्.

मग अकोल्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे काचेचं दार, थंड हवा, कागदी पेल्यात चहा. एका तरुणाने लॅपटॉप लावला आणि मला इंग्रजीत सांगितलं की सिस्टिममध्ये कोणताही दोष नोंदलेला नाही, बहुधा ड्रायव्हिंग स्टाइलचा प्रश्न असेल. बॅटरीची वायर काढली की आधीच्या नोंदी पुसल्या जातात, आणि एखाद-दुसऱ्या झटक्याने नवी नोंद लगेच पडत नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी थँक यू म्हणाले आणि किल्ली घेतली. मला लोकांशी भांडता येत नाही. भांडण तर दूर, दुकानात चुकीची वस्तू दिली तरी मी घेऊन येते.

जे बोलता येत नव्हतं ते मी बघत राहिले. रेडिओ बंद ठेवून चालवायला लागले. पहिल्या, दुसऱ्या गिअरमध्ये काहीच व्हायचं नाही. पाय हलका ठेवला तर नव्वदच्या वेगातही काही नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, वेग कमी असताना, चढ असला आणि पाय दाबला की व्हायचं. नेमकं टर्बोच्या पंख्याची बारीक शीळ ऐकू यायला लागली की. गाडीवर जोर आला की ती अडखळायची. आणि गॅरेजवाल्यांच्या गल्लीत तिसरा गिअर पडेल एवढी जागाच नव्हती. त्यांना ती लोण्यासारखीच वाटणार.

हे सगळं मला कळलं होतं, पण इंग्रजीत. रोज संध्याकाळी मी इंटरनेटवर जगभरच्या लोकांच्या गाड्यांच्या तक्रारी वाचत होते. त्या भाषेत मी गॅरेजवाल्यांशी बोलू शकत नव्हते, आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागले की माझी मराठी मला शाळेतल्या पाठांतरासारखी ऐकू यायची. शिवाय बाबा शेजारी. त्यांच्यासमोर गाडीचा दोष सिद्ध करून दाखवायचा म्हणजे काकांना पुरावा देण्यासारखं होतं.

मग एका शनिवारी बोरगावजवळ मी एका ट्रकला ओलांडत होते. समोरचा रस्ता मोकळा होता म्हणूनच निघाले होते. अर्ध्यात आल्यावर गाडीने श्वास सोडला. झटके, फट्, पुन्हा फट्, आणि वेग वाढेचना. समोरून बस दिसायला लागली. मी ब्रेक दाबून मागे आले आणि ट्रकच्या मागे शिरले. बस हॉर्न वाजवत निघून गेली. आई मागे "देवा, देवा" म्हणत होती. बाबांचा उजवा हात वरच्या दांड्यावर पांढरा झाला होता. डावा तसाच मांडीवर.

यावेळी ते क्लचचं काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अकोल्याला सांगू नका."

पण आईने सांगितलंच. काका त्या रात्री फोनवर मला म्हणाले, "पाह्य माय, भाऊचं मले सांगू नको. आता बस्स. एक शनिवार देतो, मग मी गिऱ्हाईक घेऊन येतो."

सोमवारी मी बाबांना न सांगता एकटी गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाले गाडीत डोकावले.

"साहेब नाई आले?"

"नाही. तुम्ही बसा. मी चालवते."

"तुमी?"

"तुम्ही चालवली की होत नाही. माझ्याकडून होते." हे वाक्य मी घरून म्हणत म्हणत आले होते. "तिसऱ्या गिअरला लोड आला की मिस करते, ठिणगी चुकते. ते कोड वाचायचं मशीन पण घ्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हात पुसून मशीन घेऊन बाबांच्या जागेवर बसले. सीट मागे सरकवली. आम्ही बडनेऱ्याकडे निघालो. पुलाच्या सुरुवातीला मी वेग कमी केला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि मी तिसऱ्यातच पाय खाली नेला.

झटके. फट्.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले. "हे तर गंज मिसिंग हाय!"

मांडीवरच्या मशीनवर त्यांनी दाखवलं: तिसऱ्या सिलिंडरचा आकडा चढत होता. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरमध्ये पेटत होतं, तोच फटाका. गॅरेजमध्ये परत आल्यावर त्यांनी बोनेट उघडलं आणि इंजिनावरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते, प्लगला ठिणगी देणारी. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल त्यांनी ओढली. ती सहज येईना. करकरत बाहेर आली. तिचं रबर पांढरट-हिरवं पडलं होतं, चिरलं होतं. त्यांनी टॉर्च खाली धरला आणि आत पाहिलं.

"ताई, इकडे या."

मी वाकून पाहिलं. प्लगच्या खोल खड्ड्यात तळाशी वाळलेला पिवळसर थर होता. कडेला लाल डाग. आणि त्या थरात चिकटलेली झेंडूची एक पाकळी, तपकिरी झालेली.

"इंजिनात नारळ कोनं फोडला?" त्यांनी विचारलं, आणि मग इतक्या मोठ्याने हसले की समोरचा पंक्चरवाला उठून आला. "अबे, इकडे ये! परसाद पाह्य!"

मला दसरा दिसला. आमच्या अंगणात बोनेट उघडं, बाबा सोवळं नेसून, उघड्या अंगाने इंजिनावर वाकलेले. आजोबा भिक्षुकी करायचे, त्यामुळे पूजा म्हटली की बाबांना वकिली विसरायला होतं. बाकीच्या गल्लीने आपापल्या गाड्यांच्या चाकांना हळदकुंकू लावलं, बोनेटवर हार घातले. बाबांनी मात्र ते काळं झाकण काढून बाजूला ठेवलं. "झाकणाला काय गंध लावायचं? शस्त्र आत आहे." मी तबक धरून उभी होते. त्यांनी नारळ पायरीवर फोडला, दोन्ही वाट्यांतलं पाणी ओंजळीत घेऊन इंजिनावर शिंपडलं, मग उरलेलं ओतलं. हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या. फार आनंदात होते. मग झाकण बसवलं आणि मला फिरवून आणलं. त्यानंतर काही आठवड्यांनी ते पडले, आणि गाडी तो सगळा हिवाळा अंगणात उभी राहिली. खाली पाणी तसंच.

"साहेबाले सांगजा," गॅरेजवाले डोळे पुसत म्हणाले, "पूजा चाकाची करा म्हना."

"नका सांगू त्यांना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीच मान हलवली. "बरं. कॉइल गेली होती, येवढंच. कॉइल काय, कोनाचीही जाते."

खड्डा साफ झाला, नवी कॉइल, नवे प्लग. घरी जाताना मी मुद्दाम पुलावर गेले. तिसऱ्यात पाय दाबला. शीळ आली, आणि पाठीत कोणीतरी हात लावून ढकललं. मी पुलाच्या पलीकडे वळून पुन्हा एकदा गेले.

शनिवारी अकोल्यापर्यंत एकही झटका नाही. "बसला हात तुझा," बाबा म्हणाले. त्यांना कॉइलचं सांगितलं होतं, तरी ते असंच म्हणाले. मला वाटलं, संपलं. दोष गेला, म्हणजे विकायचं कारण गेलं.

काकांनी स्वतः गाडी नेऊन एक चक्कर मारली. परत आले ते खुशीत.

"झक्कास! आता कशी मोटारवानी वाटते. भाऊ, हेच टाइम हाय. बिघडलेली कोन घेते? चांगली चालून राहिली, आताच काढू. उद्याच आनतो अकोटवाल्याले."

आई खाली मान घालून भाजी निवडत होती. मी बाबांकडे पाहिलं. कोर्टात एवढी वर्षं बाबांना कोणाच्या ना कोणाच्या बाजूने बोलायला शब्द सापडले होते. आता त्यांना सापडत नव्हते. शेवटी म्हणाले, "आधी मी एकदा चालवून पाहीन. मग बोलू."

"तुमी?" काका म्हणाले. मग आईने त्यांच्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये गेले. नुसते आखलेले प्लॉट, मुरमाचे रस्ते, एकही घर नाही. इथेच त्यांनी मला शिकवलं होतं. मी उतरले, त्यांना हाताला धरून पलीकडून आणलं. ते स्टिअरिंगवर बसले. डावा पाय उजव्या हाताने उचलून त्यांनी क्लचवर ठेवला. नीट, टाच जुळवून, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

मी शेजारी बसले. हँडब्रेकवर हात ठेवला आणि समोर पाहिलं. तिकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

त्यांनी इंजिन सुरू केलं. मग क्लच दाबला. अर्धाच गेला. त्यांनी उजव्या हाताने गुडघ्यावर भार दिला, तो थोडा आणखी गेला. पण मग गिअर टाकायला हात उरला नाही. मी गिअर टाकू का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांनी गुडघा सोडून गिअर टाकला. गिअरचे दात घासल्याचा आवाज आला, गाडीने जोरात झटका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तसंच. मग पुन्हा. मुरमाची धूळ पुढे उडाली आणि काचेवर बसली. दूर एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी राहून आमच्याकडे पाहत होती.

नंतर त्यांनी किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात, म्हणजे उजवा हात आणि त्याने उचलून ठेवलेला डावा, स्टिअरिंगवर होते.

"अजून मिस करते," बाबा म्हणाले.

इंजिन बंद होतं. शेळ्यांच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"गॅरेजवाल्याने नीट पाहिलं नाही," ते म्हणाले. "झटके जाणवले ना तुला?"

"हो," मी म्हटलं. "जाणवले."

"अशी गाडी कोणाला देता येत नाही. उद्या रस्त्यात फसला तर शिव्या घालेल. ते बरोबर नाही."

"नाही."

"पुन्हा दाखव."

"उद्याच नेते."

मी उतरून त्यांच्या बाजूला गेले. त्यांनी स्वतःच पाय उचलून बाहेर ठेवला. घरी पोचायच्या आतच काकांचा फोन आला. अकोटवाले निघाले होते. मी गाडी कडेला घेतली आणि सांगितलं की येऊ नका, अजून मिस करते आहे.

"काल तर झक्कास होती व!"

"लोड आला की करते, काका."

बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते.

सोमवारी मी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. बाबांनी सांगितलं म्हणून आणली. ते थोडा वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग किल्ली घेतली आणि गाडी मागे कडुलिंबाखाली लावली. मी रिक्षाची वाट पाहत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाबांचा होता. बाबांचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. आजारानंतर ते फोनवर जरा मोठ्याने बोलतात.

"सापडलं का रे काही?"

गॅरेजवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाडाखाली उभ्या असलेल्या बंद गाडीकडे.

"पाहून राहिलो साहेब," ते म्हणाले. "टाइम लागन."